दोषाच्या रकान्यात आशीर्वाद

चातुर्मासात काय सोडायचं, हा प्रश्न माझ्यापुढे दरवर्षी जास्तच बिकट होत चालला आहे. कांदा-लसूण लग्नाच्या आधीपासून नाही. वांगं सोडलं, मग चहातली साखर सोडली, मग चहाच सोडला. एका वर्षी गादी सोडली, तर कंबर धरली आणि डॉक्टरांनी व्रत सोडायला लावलं. सोमवार, गुरुवार, शनिवार उपासाचे आहेतच. यंदा देवापुढे बसून मी बराच विचार केला, पण सोडण्यासारखं घरात काही उरलंच नव्हतं. शेवटी तळहातावर पाणी घेतलं आणि संकल्प केला की चार महिने कोणाचा दोष काढणार नाही. मनात आला तरी ओठांवर येऊ देणार नाही.

आमचे हे, म्हणजे अच्युतराव, बाजूला पेपर वाचत होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते सकाळभर पेपर वाचतात आणि दुपारभर त्यातल्या चुका सांगतात. पेपर खाली न करता म्हणाले, "मंग चार महिने शेजारच्या शालूबाईसंग काय बोलशील?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तरात त्यांचा दोष आला असता.

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या संस्थेचे सचिव मधुकरराव यांनी मला कार्यालयात बोलावलं. मी सेलूला त्यांच्या कनिष्ठ महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवते. वर्गात मुली नऊ, त्यातल्या दोघी लग्न ठरलेल्या. मधुकरराव शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा विषय आता ऑनलाइन न्यायचा आहे. दोन महिन्यांत ई-लर्निंगचं प्रमाणपत्र आणा, तो विभाग तुमच्याकडे देतो. नाही आणलं तर तुम्ही अतिरिक्त. वडनेरच्या आपल्या शाळेत एक जागा रिकामी आहे."

वडनेरला मी नावं ठेवत नाही, व्रत आहे. पण सेलूहून वडनेरला शाळेच्या वेळेत पोचायचं तर पहाटे साडेपाचला घर सोडावं लागतं. माझी पूजा दीड तासाची. म्हणजे देवांना साडेतीनला उठवावं लागलं असतं. लग्नानंतरच्या बत्तीस वर्षांत मी देवांना एकदाही घाई केलेली नाही.

"आणि हो, प्रमाणपत्रावर गोल शिक्का पाहिजे," मधुकररावांनी मागून सांगितलं. "मागच्या वेळेस एकानं चौकोनी आणला होता. परत पाठवावा लागला."

शोधता शोधता मला 'ई-शिकवण कट्टा' सापडला. संगणकावरचे धडे तयार करणाऱ्या आठशे माणसांचा हा कट्टा. कोणी नागपूरचं, कोणी सांगलीचं, एक तर थेट दुबईत बसून मराठी व्याकरण शिकवणारे. आपण केलेला धडा तिथे ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्यावर अभिप्राय द्यायचा, अशी तिथली रीत. कट्ट्याचा कारभार नागपूरचा साकेत नावाचा मुलगा पाहतो. स्वतःचे सहा धडे आणि दुसऱ्यांच्या धड्यांवर चोवीस अभिप्राय झाले की प्रमाणपत्र. मला वाटलं, सहा धडे कठीण आणि चोवीस अभिप्राय सोपे. माणसाला स्वतःबद्दल किती कमी माहिती असते.

पहिला धडा मी लिंबाच्या लोणच्यावर केला. तासाभरात त्यावर तेरा दोष आले. अक्षर लग्नपत्रिकेसारखं आहे. 'पुढे' हे बटण नारळाच्या चित्रामागे लपलं आहे. सुरुवातीला चार मिनिटांची आरती आहे आणि ती टाळता येत नाही. हा शेवटचा दोष मी तीनदा वाचला. आरती टाळायची असते हे मला नवीन होतं. मी देवघरात जाऊन थोडं रडले, डोळे पुसले आणि येऊन सगळ्यांना 'आभारी आहे' लिहिलं. मग आरती एक मिनिटाची केली. नारळ मात्र तिथेच ठेवला, फक्त जरा डावीकडे.

आता माझी पाळी. अभिप्रायाला तीन रकाने होते: गुण, दोष, उपाय. अमरावतीच्या चंद्रभान नावाच्या गृहस्थांनी दुचाकीच्या देखभालीचा धडा ठेवला होता. गुणाच्या रकान्यात मी आठ ओळी लिहिल्या. दोषाच्या रकान्यात लिहिलं, 'काही नाही.' यंत्राने लाल अक्षरात कळवलं की किमान वीस शब्द हवेत. मग मी लिहिलं, 'आपल्या हातून अशीच सेवा घडत राहो, आपल्या कुटुंबाला उत्तम आरोग्य लाभो, आपल्या गाडीला कधीही अपघात न होवो आणि आपली सर्व कार्ये निर्विघ्न पार पडोत.' यंत्राने शब्द मोजले आणि घेतलं. उपायाच्या रकान्यात लिहिलं, 'दर गुरुवारी दत्ताला पिवळं फूल वाहावं, मन लावून, चप्पल बाहेर काढून, आणि वाहताना घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन एकदा गाडीचंही नाव घ्यावं.'

दोन दिवसांत असे सात अभिप्राय झाले. तिसऱ्या दिवशी साकेतचा फोन आला. बिचारा फार आदराने बोलत होता.

"ताई, दोषाच्या रकान्यात आशीर्वाद नका टाकू ना."

"वीस शब्द भरले होते, साकेत."

"भरले होते ताई, पण त्यातून ते लोक सुधारतील कसे? ते चंद्रभान विचारून राह्यले, की गाडीला अपघात होईल असं काही दिसलं काय धड्यात? दोन दिवसांपासून ते गाडी बाहेर नाई काढून राह्यले." मग म्हणाला, "हे सात मी धरू शकत नाई. माफ करजा."

म्हणजे हिशेब पुन्हा शून्यावर. वडनेरची बस मला डोळ्यांपुढे दिसायला लागली.

आमच्या गल्लीत कोणाची अडचण घरात राहत नाही. संध्याकाळी शेजारच्या शालूबाई तुळशीपाशी येऊन बसल्या. "सुधाताई, मी सांगतो तसं करा. दोष काढायचा, पण गोडीत काढायचा. मी नाई काय, सुनेले म्हणतो, बाई तुही पोळी एवढी मोठी झाली, की एकीतच दोघांचं पोट भरते. तिले समजते बरोबर." सून स्वयंपाकघरातून आमच्याकडे पाहत होती. तिला समजलेलं दिसत होतं.

समोरच्या अण्णाजींनी मात्र कायद्याने विचार केला. ते तीस वर्षं कोर्टात टंकलेखक होते आणि अजूनही बोलताना स्वल्पविराम देतात. "सुधाबाई, संकल्प तुमचा आहे, अच्युतरावांचा नाई. दोष त्यांनी काढावा, तुम्ही फक्त टाइप करावा. मी तीस वर्षं साहेबांच्या तोंडून ऐकून शिक्षा टाइप केल्या. एकाले तर जन्मठेप. मले पाप लागलं काय? टाइप करणाऱ्याले पाप लागत नाई."

हे मला पटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा अगदी शास्त्रोक्त वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून आमचं कार्यालय सुरू झालं. मी धडा मोठ्या पडद्यावर लावायचे, हे आरामखुर्चीत बसून बघायचे आणि सांगायचे, मी मनात नामस्मरण चालू ठेवून टाइप करायचे. यांच्या अंगी गुण आहेत, पण देणगी म्हणावी अशी एकच आहे. हा माणूस लग्नाच्या पंगतीत वरणातलं मीठ, आचाऱ्याची टोपी आणि नवरदेवाच्या काकाचं भाषण एका दमात मोडीत काढू शकतो. निवृत्तीनंतर ही विद्या गंजत होती. कट्ट्यावर तिला आठशे माणसं सापडली.

"लिही. धडा पाहून असं वाटते, की करणाऱ्याले पण हा विषय येत नाई."

मी लिहिलं.

"लिही. आवाज ऐकून झोप लागते. मले लागली."

खरंच लागली होती. उपायाच्या रकान्यात हे नेहमी एकच सांगायचे: 'सदर धडा रद्द करून नव्याने करावा.' वीस शब्द भरावेत म्हणून मी तेच वाक्य उलटसुलट करून चारदा लिहायचे.

महिनाभरात बावीस अभिप्राय झाले. सगळे साकेतने धरले. आणि कट्ट्यावर सुधाताई नावाचा दरारा निर्माण झाला. लोक धडा ठेवताना लिहू लागले, 'सुधाताईंनी पाहण्याआधी कृपया कोणी चुका सांगा.' दुबईच्या गृहस्थांनी व्याकरणाचा धडा तीन दिवसांसाठी मागे घेतला. इकडे मी कॉलेजात एवढ्या हळू बोलते, की तिसऱ्या बाकावरची मुलगी हजेरीला शेजारणीला विचारून उभी राहते.

या महिन्यात एकच अभिप्राय माझा स्वतःचा होता. त्या दुपारी हे सिंदीला एका तेरवीच्या जेवणाला गेले होते. सिंदीच्याच यामिनी नावाच्या मुलीने भाजीपाला लावणाऱ्या बायांसाठी फवारणीचा धडा ठेवला होता. चित्रं गोड, आवाज गोड. एका ठिकाणी मात्र मी अडखळले. पंधरा लिटरच्या पंपाला औषध एक झाकण, असं ती सांगत होती. एका चित्रात झाकण मोठ्या डब्याचं, पुढच्यात छोट्या बाटलीचं. गृहविज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या डोळ्यांतून माप सुटत नाही. पण व्रत होतं आणि टाइप करून घेणारे तेरवीला गेले होते. मी तिन्ही रकाने धन्यवादाने भरले आणि शेवटी लिहिलं, 'खूप छान.' हा अभिप्राय साकेतने धरला नाहीच. मी तो विसरूनही गेले.

श्रावण संपला. रविवारी सकाळी अकरा वाजता कट्ट्याची सभा होती, सगळ्यांनी एकमेकांना पडद्यावर बघायचं. त्याच दिवशी रात्री आठपर्यंत प्रमाणपत्राची मुदत. माझे सहाही धडे झाले होते, दोनच अभिप्राय राहिले होते, दुपारच्या जेवणाआधी होण्यासारखे. साकेतने नागपुरात गोल शिक्काही करून ठेवला होता. मी नऊवारी नेसून, देवघराला पाठ होणार नाही अशी खुर्ची लावून बसले.

पडद्यावर माझा चेहरा आल्यावर जो तो पुढे वाकून पाहू लागला. चंद्रभान हळूच म्हणाले, "ह्या सुधाताई हायेत?" बहुतेक त्यांना मिशा अपेक्षित होत्या.

मग एक हसरी, बारीकशी मुलगी बोलायला लागली. "ताई, मी यामिनी. सिंदीची. मले तुमाले थँक्यू म्हणायचं होतं. तुमी साऱ्याईचे धडे फाडता, अन् माह्या धड्याले एकदम खूप छान म्हणलं. मंग मी दुसऱ्या कोणाले दाखवलाच नाई. म्हटलं, सुधाताईले दोष नाई सापडला, मंग कोणाले सापडणार? उद्या सकाळी आमच्याकडे साठ बाया येऊन राह्यल्या. उद्या हाच धडा दाखवतो."

साठ बाया. साठ पंप. आणि प्रत्येकीच्या घरी वेगळं झाकण. त्यातल्या कितीतरी जणी वांगी-टोमॅटो दर सोमवारी आमच्याच बाजारात आणून बसतात.

मी तोंड उघडलं. संकल्पाचं पाणी तळहातावरून पुन्हा ओघळल्यासारखं वाटलं. "यामिनी, तुझ्या धड्यात एक दोष आहे," मी म्हणाले.

"ताई, आवाज नाई येऊन राह्यला."

एकदा मोडलेलं व्रत दुसऱ्यांदा मोडायला जड जातं, हे मी अनुभवाने सांगते. "बाळा, झाकणाचं माप चुकलं आहे."

"ताई, माइक जवळ घ्या ना जरा."

तिसऱ्यांदा मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "यामिनी, तुझा धडा चुकला आहे. झाकण हे माप नसतं. दोन चित्रांत दोन झाकणं आहेत. औषध जास्त झालं तर पिकाचं काय होईल आणि खाणाऱ्याचं काय होईल, विचार कर. उद्या हे दाखवू नकोस."

समोरच्या घरातून अण्णाजी ओट्यावर आले. हे चष्मा पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. पडद्यावर यामिनीचं हसू गेलं होतं.

"तुमाले हे तेव्हाच दिसलं होतं, ताई?"

"दिसलं होतं."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

यावर खोटं बोलता आलं असतं. पण खोटं न बोलण्याचं व्रत मी फार जुन्या चातुर्मासात घेतलं आहे आणि ते कायमचं आहे. मी सगळं सांगितलं. संकल्प, आशीर्वाद, अण्णाजींचा निकाल, आरामखुर्ची. बावीस अभिप्राय माझ्या यजमानांचे आहेत, माझी फक्त बोटं आहेत, हेही सांगितलं. आठशेतले जे दीडशे हजर होते, ते सगळे माझ्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या यांच्याकडे बघत होते. यांनी चष्मा लावला आणि नमस्कार केला.

दुबईचे गृहस्थ म्हणाले, "तरीच मी म्हणत होतो, प्रत्येक उपाय एकच कसा."

साकेतने यादी उघडून आकडे मोजले. मग म्हणाला, "ताई, अभिप्राय स्वतःचा पाहिजे, असा नियमच आहे. बावीस काढावे लागतील. आत्ता यामिनीले सांगितला तो एक धरतो, त्यात उपाय राह्यला."

"मापाचा चमचा दाखव, यामिनी," मी म्हणाले. "दुकानात दहा मिलीचा मिळतो. पहिल्याच चित्रात तो हातात दे, आणि बायांना घरचं झाकण घेऊन यायला सांग. त्यांच्यासमोर भरून दाखव कुठलं किती होतं ते. त्यांचाच विश्वास बसणार नाही."

ती लिहून घेत होती. "आज बसतो अन् करतो, ताई," म्हणाली. मग वर पाहून विचारलं, "अजून काही हाये काय?"

"एक झाला. तेवीस राह्यले," साकेत म्हणाला. "मुदत आठ वाजेपर्यंत. मी वाढवू शकत नाई, ताई. सगळ्याईले सारखीच हाये."

सभा संपली. मी देवासमोर जाऊन बसले. वडनेरची बस, साडेतीनला उठवलेले देव, सगळं समोर. मग गुरुजींना फोन लावला. त्यांना सांगितलं की दोषत्यागाचं व्रत माझ्याकडून मोडलं, तीन वेळा, चढत्या आवाजात. प्रायश्चित्त काय?

गुरुजी घाईत होते, त्यांच्याकडे सत्यनारायण होता. "अकरा माळा जप करा, अन् उद्या सकाळी स्नान करून नव्यानं संकल्प घ्या."

"उद्या? आणि आज?"

"आज आता व्रत नाही. मोडलं नाही काय ते."

मी फोन ठेवला. खिडकीतून बाहेर कडक ऊन दिसत होतं. बारा वाजले होते. उद्याच्या स्नानाला अठरा तास होते.

हे म्हणाले, "चाल, बसू काय? पटापट होऊन जाईल."

"तुम्ही जेवून घ्या," मी म्हणाले. "आणि आवाज करू नका."

पहिला अभिप्राय लिहायला मला पाऊण तास लागला. दुसऱ्याला वीस मिनिटं. मग जे सुरू झालं, त्याचं वर्णन मला नीट करता येणार नाही. कोण्या एका सांगलीच्या बाईंनी हळदीच्या प्रक्रियेचा धडा केला होता, तो मी पहिल्यांदाच मन लावून पाहिला आणि दिसलं की वाळवण किती दिवस, हेच सांगायचं राहिलं आहे. मी ते लिहिलं, आणि आम्ही कुरडया वाळवतो तेव्हा ढग आले तर काय करतो, तेही लिहिलं. त्यांचं लगेच उत्तर आलं, 'ताई, हे विचारायला मला कोणीच मिळत नव्हतं.' चंद्रभानना कळवलं की त्यांच्या धड्यात गाडीची साखळी दिसते पण ती घट्ट करणारा हात दिसत नाही, आणि शिकणारा माणूस हात शोधत असतो. त्यांनी विचारलं, गाडी बाहेर काढू का? मी लिहिलं, काढा. दुबईच्या गृहस्थांशी एका उदाहरणावरून वाद झाला, तीन फेऱ्यांचा. मला फार आवडला. बत्तीस वर्षांत मी कोणाशी वाद घातला नव्हता. घालता येतो, हेच माहीत नव्हतं.

दुपारी तीनला शालूबाई डोकावल्या. "सुधाताई, जेवल्या नाई म्हणे?" यांनी त्यांना दारातूनच बोटाने गप्प केलं आणि म्हणाले, "तिले थांबवू नका. बत्तीस वर्षांचं निघून राह्यलं."

चोविसावा साडेपाचला झाला. साकेतने एकेक वाचला, मोजला आणि सहा वाजता प्रमाणपत्र पाठवलं. वर गोल शिक्का होता, जांभळा, थोडा वाकडा. मी ते मधुकररावांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, 'शिक्का वाकडा आहे, पण गोल आहे. चालेल. विभाग तुमच्याकडे.'

पाठोपाठ यामिनीने नवा धडा पाठवला. पहिल्या चित्रात एका बाईच्या हातात मापाचा चमचा होता आणि तिच्या पुढ्यात सात वेगवेगळी झाकणं ओळीने मांडलेली. खाली लिहिलं होतं, 'ताई, पाहून सांगा. पण खरं सांगजा.' मी पाहिला. दोन चुका होत्या. दोन्ही कळवल्या.

मग देवाजवळ दिवा लावला. अकरा माळा जप केला. वडनेरची बस टळली होती, देवांची झोप शाबूत होती, काम संपलं होतं. आता शांतपणे खिचडी टाकायची आणि झोपायचं. पण मी पुन्हा संगणकाजवळ गेले आणि आणखी सात अभिप्राय लिहिले. ते कोणी मागितलेही नव्हते. शेवटी साकेतचा निरोप आला, 'ताई, फार उपयोगी आहेत, पण लोक आता थोडे थकलेत.'

मी संगणक बंद केला. साडेआठ झाले होते. शालूबाईंच्या घरातून फोडणीचा वास येत होता. मला आठवलं, गेली अकरा वर्षं दर कोजागिरीला त्या जी बासुंदी आणून देतात, तिच्यात त्या वेलची भाजून घालतात आणि मी त्यांना एकदाही टोकलेलं नाही. भाजून. वेलची.

हे म्हणाले, "कुठं निघाली?"

मी चपला घातल्या. "येते लगेच," म्हटलं. उद्याच्या स्नानाला अजून साडेनऊ तास होते.